फ्लॅटच्या व्यवहारात रोख नाकारली, आता भाऊ बोलत नाही. चुकलं का माझं?

नगरकर_पुण्यात
सलाम सगळ्यांना. जरा मोठं लिहितोय, वैतागू नका.
वडील दोन वर्षांपूर्वी गेले. पुण्यात त्यांच्या नावावर जुना टूबीएचके आहे. मृत्युपत्र काही नव्हतं, त्यामुळे आपल्या ख्रिस्ती लोकांना लागतो तो १९२५ चा वारसा कायदा, म्हणजे आईचा तिसरा हिस्सा आणि उरलेल्यात मी आणि धाकटा भाऊ निम्मे निम्मे. थोडक्यात तिघांचे सारखेच. विकायचं ठरलं. एजंटने ८२ लाखांचं गिऱ्हाईक आणलं पण त्यातले २० रोख, कागदावर ६२. मी नाही म्हणालो. भाऊ म्हणाला अरे सगळेच करतात, मी म्हणालो करू देत, मी चर्चच्या शब्बाथशाळेत पोरांना दहा आज्ञा शिकवतो आणि सोमवारी रजिस्ट्रार समोर खोट्या आकड्यावर सही करू? तुमचं बोलणं होय तर होय, नाही तर नाही असावं असं बायबलात मत्तयच्या पाचव्या अध्यायात स्वच्छ लिहिलंय. गिऱ्हाईक गेलं. आता दुसरं आहे, बँकेचं लोन घेणारं, सगळा पैसा खात्यात, पण ७४ च्या वर सरकत नाही.
भावाच्या मुलीला यंदा बाहेर शिकायला जायचंय, त्याला पैशाची घाई आहे. तो म्हणतो तुझ्या भक्तीपायी घराचे ८ लाख गेले. गेले तीन रविवार चर्चमध्ये तो आमच्या बाकावर बसत नाही, मागे जाऊन बसतो. मला माझं बरोबरच वाटतं पण झोप लागत नाही. काय म्हणणं आहे तुमचं?

सरळरेषा
यात विचारायचं काय आहे, शंभर टक्के बरोबर. आणि धर्म बाजूला ठेवा, २०१५ पासून नियम आहे की घर जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा जास्त रोख घेतली तर जेवढी घेतली तेवढाच दंड, आणि तो घेणाऱ्याला म्हणजे विकणाऱ्याला, म्हणजे तुम्हालाच. वीस लाखाला वीस लाख. भावाला हे सांगा, वचनं नका सांगू.

वसईचा_वाडवळ
भावा राग मानू नको पण तुला पाचव्या अध्यायातलं ३७ वं वचन पाठ आहे आणि २३ वं नाही असं दिसतंय. तू वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर आणि मग ये. तीन रविवार तो मागच्या बाकावर बसलाय आणि तू पुढे बसून गीतं म्हणतोयस. मला विचारशील तर तुझी खरी परीक्षा रजिस्ट्रार ऑफिसात नाही, त्या दोन बाकांच्या मधल्या जागेत आहे.
आमच्याकडे वसईत हे फार बघितलंय. फादर दिब्रिटोंसारखी माणसं हरित वसईसाठी रस्त्यावर उतरली, लोक त्यांच्यामागे उभे पण राहिले, आणि त्याच लोकांच्या घरात केळीच्या वाडीचे तुकडे कसे करायचे यावरून भाऊ भाऊ कोर्टात. मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, मात्र दोघं हजर, शांतीचं चिन्ह द्यायची वेळ आली की एक जण बरोबर चपला बघायला बाहेर जातो 😄

नगरकर_पुण्यात
२३ वं वचन माहितीये हो. पण समेट म्हणजे त्याच्या खोट्यावर मी सही करायची असा अर्थ होतो का? मग समेट रोजच करता येईल.

वसईचा_वाडवळ
सही कर असं मी कुठे म्हणालो? जा असं म्हणालो. तू गेलास का त्याच्या घरी एकदा तरी? का फोनवर वचन पाठवलंस?

नगरकर_पुण्यात
व्हॉट्सॅपवर पाठवलं होतं. फॅमिली ग्रुपवर.

वसईचा_वाडवळ
बोंबला.

जकातदार
मी टॅक्सच्या ऑफिसात कामाला आहे, म्हणजे साहेबांच्या फायली भरतो, त्यामुळे नाव पण तेच घेतलंय. एक प्रश्न विचारतो, प्रामाणिकपणे उत्तर द्या. तुमच्या वडिलांनी हा फ्लॅट कधी घेतला आणि तेव्हाच्या करारावर पूर्ण रक्कम होती का? नव्वदच्या दशकातला असेल तर मला उत्तर माहीत आहे. म्हणजे ज्या पैशाचं घर आहे त्यात आधीच रोख मुरलेली, आणि तुम्ही आता वरून स्वच्छ चादर घालताय. आणि घरात रंग काढला तेव्हा रंगाऱ्याकडून पक्कं बिल घेतलं होतं का? प्लंबरकडून? जिथे आठ लाखाचा प्रश्न आला, चार लोक बघतायत, तिथे तुम्हाला शास्त्र आठवलं. मला तुमचा हेतू खोटा वाटत नाही पण हा निवडक सोवळेपणा आहे.

नगरकर_पुण्यात
लागलं हे. ९७ साली घेतला. हो, वडिलांनी एकदा सांगितलं होतं की काही रक्कम पाकिटातून दिली होती, त्यांना ते आवडलं नव्हतं. रंगाऱ्याकडून बिल नाही घेतलं. पण म्हणून काय, आधी चुकलं होतं तर आता पण चुकायचं?

सरळरेषा
एक्झॅक्टली. जकातदार साहेब, तुमच्या लॉजिकने कुणीच कधी सुधारू शकत नाही. तुम्ही नाव जकातदार घेतलंय तर बायबलातला जक्कय पण आठवा की, तो पण वसुलीवालाच होता, आयुष्यभर लोकांना नाडलं आणि मग एका जेवणाच्या दिवशी म्हणाला अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करतो. त्याला कुणी म्हणालं नाही की आधी जुन्या पावत्या दाखव.

जकातदार
जक्कयने स्वतःच्या खिशातून दिलं हो. भावाच्या खिशातून नाही. हा फरक आहे की नाही?

मिरजेची_सिस्टर
मी नर्स आहे, बावीस वर्षं झाली. फ्लॅटबिट माझा विषय नाही पण माझा अनुभव सांगते. आधीच्या एका हॉस्पिटलात, नाव नको, प्रसूती वॉर्डात पद्धत होती, बाळ झालं की नातेवाईक खुशीने पैसे देणार. मुलगा झाला की पाचशे, मुलगी झाली की शंभर नाहीतर नुसते पेढे, ते पण अर्धा किलो. मला ते बघून चीड यायची. मी घेणं बंद केलं. नवीन होते, उत्साह होता, एक-दोनदा नातेवाईकांना वॉर्डात सगळ्यांसमोर म्हणाले पण की मी ख्रिस्ती आहे, मी असले पैसे घेत नाही. तर आमच्या मावशी, ज्यांचा पगार तेव्हा माझ्या पगाराच्या पाव पण नव्हता, त्या एक दिवस मला म्हणाल्या, सिस्टर तुमचा देव तुम्हाला पगार देतो, आम्हाला ही खुशीच देव आहे, तुम्ही नाही म्हणताना आमच्याकडे का बघता?
मी खरंच बघत होते त्यांच्याकडे. ते मला तोपर्यंत कळलंच नव्हतं.
पैसे मी त्यानंतर पण घेतले नाहीत. पण बोलणं बंद केलं. मुलगी झाली की मात्र मी स्वतः बाहेर जाऊन नातेवाईकांना जरा जास्तच आनंदाने सांगायला लागले. एवढंच जमलं.

दोन_पोळ्या
सिस्टर, हे वाचून अर्धा मिनिट स्क्रीनकडेच बघत बसले.

पाळकांचा_मुलगा
मी पाळकसाहेबांच्या, म्हणजे पाद्रींच्या, घरात वाढलो त्यामुळे नगरकरांचं दुखणं आतून माहीत आहे. आमच्या घरात तर चर्चची मंडळी काय म्हणेल हा अकरावा आदेश होता. पण मला दोन्ही बाजूंनी बोलायचंय. एक, याकोबाच्या पत्रात म्हटलंय की कृतीवाचून विश्वास मेलेला आहे, त्यामुळे व्यवहारात दिसला नाही तर तो विश्वास कसला, इथे नगरकर बरोबर. दुसरं असं की आपलं तारण, म्हणजे उद्धार, आपल्या स्वच्छ व्यवहाराने होत नाही, ते कृपेने होतं, आणि हे विसरलं की मंदिरात उभं राहून मी या जकातदारासारखा नाही म्हणून आभार मानणारा परूशी व्हायला वेळ लागत नाही (आपले जकातदार नव्हे, गोष्टीतला).
आणि किंमत कोण मोजतं हा मुद्दा आपल्या मराठी ख्रिस्ती इतिहासात नवा नाही. ना. वा. टिळकांनी १८९५ ला बाप्तिस्मा घेतला. निर्णय त्यांचा, आणि पुढची काही वर्षं लहान मुलाला घेऊन वेगळं राहायची वेळ त्यांच्या बायकोवर, लक्ष्मीबाईंवर. नंतर त्याही ख्रिस्ती झाल्या, स्वतःच्या मनाने झाल्या, पण मधली वर्षं गेलीच ना. टिळकांच्या हातात पैसा टिकायचा नाही, आला की वाटून मोकळे, आणि संसार रेटणार बाई. लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र स्मृतिचित्रे वाचताना आपण हसतो कारण लिहिणारीने हसत लिहिलंय. मी टिळकांना नावं ठेवत नाही, त्यांची गीतं म्हणतच मोठा झालो. पण संताच्या शेजारी राहणाऱ्याचं काय होतं हे आपल्याकडे एका बाईने लिहून ठेवलंय, ते जरा उघडून बघावं.

नास्तिक_नाना
मला एक कळत नाही, रोख घेऊ नये यासाठी येशू कशाला लागतो? माझा कुठल्याच देवावर विश्वास नाही, मी पण दोन वर्षांपूर्वी पूर्ण चेकने घर विकलं. माझे वडील वारकरी होते, धन जोडायचं तर उत्तम व्यवहाराने हे त्यांना तुकोबांकडून पाठ होतं आणि ते तसे वागले. मग यात ख्रिस्ती असं वेगळं काय?

सरळरेषा
वेगळं आहे असा दावा कुणी केलाय?

पाळकांचा_मुलगा
नाना, टिळक स्वतःच म्हणायचे की तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, तेव्हा तुमच्या वडिलांशी भांडण नाहीच. पण आमची एक पंचाईत तुम्हाला नसते. तुम्ही चेकने घर विकलं तर तुम्ही चांगला माणूस. आम्ही विकलं तर ख्रिश्चन लोक कसे सरळ असतात, आणि आमच्यातला एक दारू पिऊन पडला तर हे लोक असेच. शेजाऱ्याला डबा दिला तर दोन जण विचारतात यामागे काय आहे, धर्मांतर का. माणूस सतत दाखवण्याच्या खिडकीत उभा असतो, त्यामुळे कधी कधी चांगलं वागतोय ते वागायचं म्हणून का दिसायचं म्हणून हे त्याचं त्यालाच कळेनासं होतं. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये म्हणतात, इथे अख्ख्या सोसायटीला कळतं.

नास्तिक_नाना
हे मान्य. याचा विचार केला नव्हता.

दोन_पोळ्या
एक बाईमाणूस म्हणून विचारते. वर एवढी चर्चा झाली, जक्कय झाला, परूशी झाला, टिळक झाले. फ्लॅटमध्ये तिसरा हिस्सा आईचा आहे असं पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय आणि त्यानंतर आई एकदाही आलेली नाही. आईला विचारलं का कुणी?
दुसरं, हिशोब मांडते. ७४ ला विकलं तर प्रत्येकी साधारण २४ लाख ६७ हजार. ८२ ला गेलं असतं तर २७ लाख ३३ हजार. म्हणजे भावाचं आणि आईचं प्रत्येकी २ लाख ६७ हजार कमी येणार. दोघांचं मिळून ५ लाख ३३ हजार. नगरकर, तत्त्व तुमचं आहे ना, मग फरक पण तुमच्या हिश्श्यातून भरा. तुमच्याकडे १९ लाख उरतात की. जकातदारांनी जे म्हटलं तेच, जक्कयने स्वतःचं दिलं.

सरळरेषा
नाही पटलं. हे म्हणजे भावाला काळा पैसा मिळाला नाही म्हणून त्याची पांढरी भरपाई करायची. ते ८ लाख मुळात त्याच्या हक्काचे होतेच कुठे? उद्या मी ऑफिसात लाच खाल्ली नाही तर बायकोला भरपाई देऊ का? चांगलं वागायचा दंड भरायला लावताय तुम्ही.

दोन_पोळ्या
हक्काचे नव्हतेच. मी हक्क म्हणून नाही म्हणत. पुतणीची फी म्हणून म्हणते. हक्काचा हिशोब कोर्टात होतो, घरात वेगळा होतो.

जकातदार
टॅक्सच्या बाजूने एक टीप. ८२ आणि ७४ यात दिसतो तेवढा फरक नसतो. वीस रोख आले तर ते ठेवणार कुठे? बँकेत भरता येत नाहीत, मुलीची परदेशातली फी रोखीने भरता येत नाही. म्हणजे भावाला ज्या कामासाठी पैसे हवेत त्या कामाला ते वीस उपयोगाचेच नव्हते. हे त्याला कुणी समजावलं का? मी विरोधात बोलत होतो पण हा मुद्दा तुमच्या बाजूचा आहे, देऊन टाकतो.

वसईचा_वाडवळ
बघ. हे घरी जाऊन सांगायचं होतं. तू वचन पाठवलंस.

नगरकर_पुण्यात
चार दिवसांनी येतोय. सगळं वाचलं, दोनदा वाचलं.
आईला विचारलं. खरं सांगतो, विचारताना लाज वाटली कारण तिला पहिला व्यवहार फिसकटला एवढंच माहीत होतं, का ते दोघांपैकी कुणीच नीट सांगितलं नव्हतं. ती म्हणाली तुम्ही दोघं माझ्या घराबद्दल भांडताय आणि मला शेजारच्या काकूंकडून कळतंय. मग म्हणाली तुझ्या बाबांनी ९७ ला पाकीट दिलं त्या रात्री ते जेवले नव्हते, मला परत तसलं काही घरात नको, ७४ तर ७४. मला वाटलं चला आई माझ्या बाजूने. तर पुढे म्हणाली, आणि तू फार शहाणा समजतोस स्वतःला ते पण कमी कर.
रविवारी उपासना झाल्यावर भावाकडे गेलो. दार त्याने उघडलं, आत ये म्हणाला, चहा झाला. फीचं आणि रोखीचं जकातदारांनी सांगितलं तसं सांगितलं, तो म्हणाला हे मला माहीत होतं, एजंट पंधरा दिवसात पांढरे करून देणार होता. त्यावर मी काहीतरी बोलणार होतो पण सिस्टरची मावशी आठवली आणि गप्प बसलो. पुतणीच्या फीतले अडीच लाख मी घालतो असं म्हणालो. तो नको म्हणाला, मग बघू म्हणाला. बायकोशी मी अजून बोललेलो नाही यावर.

दोन_पोळ्या
परत तेच!! आधी आईला विचारलं नाही, आता बायकोला नाही.

सरळरेषा
अडीच लाखाचं मला अजून पटलेलं नाही. पण तुमचं घर, तुमचा भाऊ.

वसईचा_वाडवळ
बसला कुठे तो या रविवारी?

नगरकर_पुण्यात
मागेच. पण आई उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली आणि पुढच्या बाकावर मी एकटा.