एकाच छपराखालच्या दोन कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे : ऑनलाइन बॅकअपला पैसे मोजावेत का?

अंबाझरी लेआऊट :
२३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी आमच्या लेआऊटमध्ये शिरलं, हे नागपूरकरांना सांगायला नको. चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस. माझं टॅक्सचं छोटं ऑफिस घराच्याच तळमजल्यावर आहे. आधी लाइन गेली, मग दाराखालून पाणी आलं. आईला वरच्या मजल्यावर नेलं, तिच्या गोळ्या नेल्या, आणि कॉम्प्युटरची आठवण झाली तोवर पाणी टेबलाच्या खालच्या खणाला लागलं होतं. सीपीयू टेबलाखाली. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या त्याच खणात. पाच वर्षं दर शनिवारी न चुकता मी त्या डिस्कवर कॉपी घेत होते.

दुपारी पाणी उतरलं. खण फुगून बसला होता, निघेना. स्क्रूड्रायव्हर घालून ओढला. डिस्कचा पाऊच उचलला तर चेनमधून गाळ ओघळला.

टॅक्स ऑडिटची शेवटची तारीख ३० सप्टेंबर. म्हणजे हातात सात दिवस. अशिलांना मेलवर पाठवलेल्या फाइल तेवढ्या परत मिळाल्या, बाकीच्या नोंदी बिलं मागवून पुन्हा केल्या. ऑफिसातल्या दोन मुली रात्री दोनपर्यंत माझ्यासोबत बसल्या, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

तेव्हापासून मी वर्षाचे पैसे भरून ऑनलाइन बॅकअप घेते, म्हणजे फाइलींची कॉपी नेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर जाते. पहिली कॉपी जायला तीन दिवस लागले. आता दिवसभरात जेवढं बदललं तेवढंच जातं, मला काही करावं लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की घरातली दुसरी डिस्क बॅकअपमध्ये धरूच नये, आणि ज्याच्याकडे दुसऱ्यांची कागदपत्रं आहेत त्याने ऑनलाइन बॅकअपचा खर्च वीजबिलासारखा धरावा. कुणाला पटत नसेल तर कारणासकट लिहा.

महालचा फोटोवाला :
ताई, तुमचं नुकसान वाचून जीव हळहळला. पण तुमचा उपाय सगळ्यांना लागू करू नका. तुमचा डेटा दहा-वीस जीबी असेल. मी लग्नं करतो. दोन कॅमेरे आणि व्हिडिओ मिळून एका लग्नाचे तीनशे जीबी होतात. वीस एमबीपीएसच्या अपलोडला त्याला तेहतीस तास लागतात, तेही लाइन आणि नेट दोन्ही टिकलं तर. सीझनमध्ये आठवड्याला दोन लग्नं असतात. पहिलं चढतंय तोवर दुसरं येऊन उभं.

अजून एक सांगतो. मी एक परदेशी सेवा घेतली होती. ऑक्टोबर २०२१मध्ये रिझर्व्ह बँकेचा आपोआप कापल्या जाणाऱ्या पैशांचा नियम लागू झाला आणि माझ्या कार्डावरून हप्ता जायचा थांबला. त्यांचे मेल स्पॅममध्ये पडत गेले. मला कळलं तेव्हा खातं बंद आणि बॅकअप पुसलेला. माझी चूक होतीच, पण माझ्या कपाटातली डिस्क हप्ता चुकला म्हणून स्वतःला पुसत नाही. आणि कंपन्यांचा तरी काय भरवसा? क्रॅशप्लॅनने ऑगस्ट २०१७मध्ये घरगुती सेवा गुंडाळतोय असं जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०१८मध्ये ती संपली.

माझ्याकडे तीन डिस्क आहेत. एक दुकानात, एक घरी, एक काटोलला मामाच्या कपाटात. दर महिन्याला मामाकडे जातो, डिस्क बदलतो, पोहे खातो, परत येतो. नाग नदीला कितीही पूर आला तरी काटोलला पोचणार नाही.

बर्डी दुरुस्ती :
फोटोवाले भाऊ, मामा चांगले आहेत, पण महिनाभराचं काम मध्येच गेलं तर? वीस तारखेला डिस्क बदलली आणि पुढच्या पंधरा तारखेला दुकानाला आग लागली, तर साडेतीन आठवड्यांची लग्नं गेली न.

मी सोळा वर्षांपासून कॉम्प्युटर दुरुस्त करून राहिलो. लोकांना पूर दिसते, आग दिसते. खरं नुकसान रॅन्समवेअर करते, म्हणजे फाइली कुलूपबंद करून पैसे मागणारा व्हायरस. गेल्या वर्षी एक व्यापारी आला. सगळ्या फाइलींना विचित्र शेपूट लागलेलं, प्रत्येक फोल्डरात पैसे मागणारी चिठ्ठी. म्हणे, "बॅकअप आहे न, डिस्क लावूनच ठेवतो मी." लावूनच ठेवली म्हणून तर तीही गेली. जोडलेली डिस्क त्या प्रोग्रामसाठी फक्त एक ड्राइव्ह असते, सी, डी, ई, जे दिसलं ते कुलूपबंद करते.

आणि ज्यांना वाटते की गूगल ड्राइव्ह किंवा वनड्राइव्ह आहे म्हणून बॅकअप आहे, त्यांनी नीट ऐका. ते सिंक आहे. इथं पुसलं की तिथंही पुसलं जाते. गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत तीस दिवस राहते, मग गेलं. खराब झालेली फाइल इमानदारीने तिकडे चढते. बॅकअप सेवेत जुन्या आवृत्त्या राहतात, मागच्या मंगळवारची फाइल मागता येते. हा फरक मी रोज चार जणांना समजावतो.

इतवारी खातेवही :
मी या विषयात दोघांच्याही विरोधात आहे. मी व्यापाऱ्यांची खाती लिहितो. त्यांचा माल कुणाकडून येतो, उधारी कुणाकडे अडकली, हे त्यांच्या सख्ख्या भावालाही माहीत नसतं. ते मी कुठल्या देशात ठेवतोय हेच मला ठाऊक नसेल तर मी त्यांना काय उत्तर देऊ? काटोलच्या मामाचं कपाटही मला चालणार नाही.

कायदाही बघा. कंपनी (लेखे) नियम २०१४ सांगतात की इलेक्ट्रॉनिक हिशेबवह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर हवा, आणि ऑगस्ट २०२२च्या दुरुस्तीनंतर तो रोजच्या रोज हवा. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने सांभाळायच्या. सहा वर्षं कुठल्या परदेशी कंपनीच्या भरवशावर काढायची? १० मार्च २०२१ला फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या कंपनीचं डेटा सेंटर जळालं. ज्यांचा मूळ डेटा आणि बॅकअप एकाच ठिकाणी होता त्यांचं दोन्ही गेलं. तुमच्या खणात जे झालं, तेच.

अंबाझरी लेआऊट :
दादा, स्ट्रासबर्गचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. ज्यांचं दोन्ही एका जागी होतं ते बुडाले, ज्यांची एक कॉपी दुसरीकडे होती ते वाचले. तुमची कॉपी दुसरीकडे कुठे आहे, हे तुम्ही लिहिलेलं नाही.

भारतातला सर्व्हर हवा हे बरोबर आहे. पण तो मिळतो. ॲमेझॉनचं मुंबईचं केंद्र २०१६पासून चालू आहे, मायक्रोसॉफ्टची पुणे, चेन्नईला आहेत. सेवा घेण्याआधी विचारायचं, लेखी उत्तर घ्यायचं. मी घेतलं. गुप्ततेचं म्हणाल तर फाइल माझ्याच मशीनवर कुलूपबंद होऊन बाहेर पडते, किल्ली माझ्याकडे. किल्ली म्हणजे खात्याच्या पासवर्डहून वेगळा पासवर्ड. तिकडच्या माणसाने उघडायचं म्हटलं तरी त्याला नुसता गोंधळ दिसेल.

इतवारी खातेवही :
दुसरी कॉपी माझ्या बँकेच्या लॉकरमध्ये आहे. महिन्यातून दोनदा जातो.

बर्डी दुरुस्ती :
लॉकर उत्तम. पण टॅलीचं, म्हणजे हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं, काय करता? टॅली उघडी असताना डेटा फोल्डर नुसतं कॉपी केलं तर कॉपी अर्धवट येऊ शकते. टॅली बंद करा, किंवा तिचाच बॅकअपचा पर्याय वापरा आणि ती फाइल न्या.

ऑनलाइनवाल्यांनीही खुश होऊ नका. एका ग्राहकाने वर्षभर पैसे भरले. रोज हिरवी टिकली दिसायची. मशीन गेलं तेव्हा उतरवायला बसलो तर टॅलीचा डेटाच नाही! कोणीतरी तो प्रोग्राम फाइल्सच्या आत ठेवला होता, आणि काही सेवा ते फोल्डर मुळातच वगळतात. बाहेरची डिस्क महिनाभर जोडली नाही तर तिचा बॅकअप काढून टाकणाऱ्या सेवाही आहेत. फोटोवाले भाऊ, तुम्ही पुन्हा ऑनलाइन घेतलंच तर हे आधी विचारा. हिरवी टिकली फक्त एवढंच सांगते की जे द्यायला सांगितलं ते दिलं. काय द्यायला सांगितलं, हे तुम्हीच बघायचं असते.

महालचा फोटोवाला :
हे आधी कुणी सांगितलंच नव्हतं. म्हणजे दोन हजार वीसची लग्नं, जी मी कपाटात ठेवून दिली, ती तिकडून कधीच निघून गेली असती.

आमच्या धंद्यात ३-२-१ म्हणतात : तीन कॉपी, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. पीटर क्रोघ नावाच्या अमेरिकन फोटोग्राफरने तो नियम रुळवला. त्यात ऑनलाइनच हवं असं कुठेही नाही. आणि परत उतरवायचं गणित कुणी करत नाही. माझे चार टीबी शंभर एमबीपीएसवर उतरवायला ८९ तास, म्हणजे जवळजवळ चार दिवस. शिवाय नेटच्या बऱ्याच "अनलिमिटेड" प्लॅनला महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, त्यापुढे वेग पडतो. नवरीचा बाप चार दिवस थांबेल का?

अंबाझरी लेआऊट :
थांबेल. अल्बमच नाही असं ऐकण्यापेक्षा चार दिवस थांबणं तो आनंदाने पत्करेल. आणि सगळे चार टीबी चढवायला कोण सांगतंय? निवडलेले आठशे फोटो आणि तयार व्हिडिओ चढवा. कच्चा माल मामाकडे राहू द्या.

त्रिमूर्ती नगर :
मी इथे पहिल्यांदाच लिहिते आहे. माझ्या यजमानांनी तीस वर्षं उमरेड, काटोल, भिवापूरकडच्या खेड्यांतून बायकांच्या जात्यावरच्या ओव्या टेप केल्या होत्या. निवृत्तीनंतर सगळ्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या. वर्षभर रोज सकाळी हेडफोन लावून बसायचे, मध्येच मला बोलावून एखादी ओवी ऐकवायचे. ऑनलाइन बॅकअपही त्यांनीच लावला. वरच्या ताई म्हणतात तशी किल्ली स्वतःकडे ठेवली.

ते दोन वर्षांपूर्वी गेले. सहा महिन्यांनी लॅपटॉप सुरू होईना. मी बॅकअपच्या खात्यात गेले, पासवर्ड डायरीत होता. आत सगळं आहे. किती जीबी आहे, शेवटचं कधी चढलं, सगळं दिसतं. उतरवायला गेलं की ती दुसरी किल्ली मागतात. मी आमच्या लग्नाची तारीख, मुलांचे वाढदिवस, त्यांच्या गावाचं नाव, सगळं घालून पाहिलं. कंपनीला लिहिलं. त्यांनी सौजन्याने कळवलं की ती किल्ली त्यांच्याकडे नसतेच, ते उघडू शकत नाहीत. मी अजून दरवर्षी पैसे भरते. न भरता ते पुसलं जाईल, या भीतीने.

तुम्ही सगळे डिस्क की ऑनलाइन यावर बोलताय. माझ्याकडे ऑनलाइन आहे आणि तरी माझ्याकडे काही नाही.

इतवारी खातेवही :
काकू, मी वर गुप्ततेचा आग्रह धरला. तुमचं वाचून तो सोडत नाही, पण आजच माझ्या लॉकरच्या पाकिटात किल्ली लिहून ठेवतो आणि मुलाला ते पाकीट दाखवतो.

अंबाझरी लेआऊट :
काकू, मी "किल्ली माझ्याकडे" असं मोठ्या तोऱ्यात लिहिलं. ती माझ्या फोनमध्ये आहे. आईला माहीत नाही, दोन्ही मुलींना माहीत नाही. आज रात्री दोन कागदांवर लिहिते, एक नाशिकला बहिणीकडे पाठवते.

बर्डी दुरुस्ती :
काकू, लॅपटॉप फेकला नसेल तर फेकू नका, घेऊन या. सुरू होत नाही म्हणजे नेहमी स्टोरेजच गेलं असं नसते, कितीदा पॉवरचा भाग जातो. ब्राउझरमध्ये किल्ली जपून ठेवलेली असू शकते. खात्री देत नाही, पैसेही घेणार नाही. येताना काकांच्या सगळ्या डायऱ्या आणा, जुन्याही. त्या वयाची माणसं अशा गोष्टी मागच्या पानावर लिहितात.

महालचा फोटोवाला :
काकू, मूळ कॅसेट कुठे आहेत? टाकून दिल्या का?

त्रिमूर्ती नगर :
घरात जागा नव्हती म्हणून बऱ्याच रद्दीत गेल्या. दोन पिशव्या त्यांनी उमरेडच्या एका विद्यार्थ्याला दिल्या होत्या, तो त्यावर अभ्यास करणार होता. त्याचा नंबर जुन्या डायरीत असेल. लॅपटॉप आहे, कपाटात साडीत गुंडाळून ठेवला आहे. सोमवारी बर्डीला येते.

महालचा फोटोवाला :
त्या विद्यार्थ्याला आजच फोन लावा. कॅसेट ऊन लागेल तिथे किंवा कूलरजवळ ठेवू नको म्हणा. माझ्याकडे चालू स्थितीतला डेक आहे, हेड मागच्याच महिन्यात साफ केलं. उमरेडला मी गाडी घेऊन जाईन, तुम्ही फक्त घराचा पत्ता मिळवा.