ट्रेलर ओढायला एफ-१५० घेतोय: २.७, ३.५, ५.० की हायब्रिड?

औरोराकर:
नमस्कार मंडळी. आम्ही डेन्व्हरला लागून औरोरात राहतो. गेल्या महिन्यात २४ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर (गाडीमागे जोडून ओढायचं चाकांवरचं घर) बुक केलाय, रिकामा ५,२०० पाउंड आणि सामान-पाणी भरून जास्तीत जास्त ६,८०० असं त्याच्या पाटीवर लिहिलंय. आता ओढायला ट्रक हवा. मे महिन्यात आई-बाबा येतायत, त्यांना मोॲब आणि यलोस्टोन दाखवायचं मनात आहे, बाबांना रोज नवीन हॉटेल आणि बॅगा उचलणं झेपत नाही म्हणून हा सगळा खटाटोप. ट्रेलर वर्षातून सात-आठदाच जोडणार, बाकी आठवड्यातले चार दिवस याच गाडीने ऑफिस, एका बाजूने २२ मैल आणि तेही ट्रॅफिकमध्ये.

सेकंडहँड २०२१ ते २३ ची फोर्डची एफ-१५० पिकअप बघतोय, चार दारांची, फोर बाय फोर. कागदावर असं दिसतंय: २.७ लिटरचं टर्बो इंजिन ३२५ हॉर्सपॉवर आणि ४०० टॉर्क (चाकं फिरवण्याचा जोर), ५.० व्ही-८ ४०० आणि ४१०, ३.५ टर्बो ४०० आणि ५००, हायब्रिड ४३० आणि ५७०. डीलरकडचा माणूस हायब्रिडच घ्या म्हणून मागे लागलाय, म्हणतो हिची ताकद १२,७०० पाउंडांची, तुमचा ट्रेलर म्हणजे तिला काहीच नाही. आकडे बघून मलाही तसंच वाटतंय पण दोन रात्री झोप लागली नाहीये, आई-बाबा मागे बसलेले असणार आणि मी आयुष्यात कधी ट्रेलर ओढलेला नाही. कोणाचा अनुभव असेल तर सविस्तर सांगा प्लीज.

पसरणी_घाट:
दादा, मी ग्रँड जंक्शनला असतो, ३.५ आहे, आय-७० हायवेवरून ट्रेलर घेऊन डेन्व्हरला वर्षातून पाच-सहा वेळा येणंजाणं होतं म्हणून सांगतो. तुमच्याकडे पहिला प्रश्न उंचीचा. साध्या इंजिनाची, म्हणजे ज्याला टर्बो नाही त्याची, दर हजार फुटाला अंदाजे तीन टक्के ताकद कमी होते कारण हवाच विरळ. डेन्व्हर ५,२८० फुटांवर, म्हणजे घरातून निघतानाच व्ही-८ पंधरा टक्के कमी. याच हायवेवरचा आयझेनहॉवर बोगदा ११,१५८ फुटांवर आहे, तिथे पोचेपर्यंत ४०० हॉर्सपॉवरचे पावणेतीनशेच्या आत येतात आणि नेमका तिथेच सगळ्यात खडा चढ. टर्बो ती विरळ हवा दाबून भरतो म्हणून त्याला एवढा फरक पडत नाही.

दुसरं म्हणजे टॉर्क किती यापेक्षा कुठल्या आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) मिळतो ते बघा. ३.५ ला ५०० टॉर्क ३,१०० ला मिळतो, २.७ ला ४०० हा ३,००० ला, आणि व्ही-८ ला ४१० साठी ४,२५० पर्यंत जावं लागतं. म्हणजे चढावर व्ही-८ ओरडत राहणार आणि गिअर खालीवर होत राहणार. त्यात बिघाड काही नाही, ते इंजिन तसंच चालतं, पण मागे आई बसली असेल तर ती दर दोन मिनिटांनी विचारणार काय झालं म्हणून.

आणि उताराचं आत्ताच डोक्यात पक्कं करा. माझे वडील वाई-पाचगणी रूटवर ट्रक चालवायचे, त्यांचं एकच सांगणं होतं, ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतरायचं. बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार आहे, बाजूला ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांसाठी खडीचे रॅम्प केलेत ते बघाल. टो-हॉल मोड (ट्रेलर ओढतानाचं गिअरचं सेटिंग) बोगद्याच्या आधीच लावायचा, वेग उतार लागण्याआधी कमी करायचा आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, दाबायचा, सोडायचा.

ह्यूस्टनची_मावशी:
आमची ५.० आहे, तिची बाजू मांडते. साडेचार हजार पाउंडांची बोट गॅल्व्हस्टनला नेतो, सगळा सपाट रस्ता, चार वर्षांत ऑइल आणि टायरशिवाय काही केलं नाही. ॲक्सिलरेटर दाबला की लगेच जाते, टर्बोसारखा तो क्षणभराचा थांबा नाही, रोजच्या चालवण्यात मला हे फार आवडतं. पण वरच्या भाऊंचं बरोबर आहे, आम्ही समुद्रसपाटीला राहतो, तुमच्याकडे असते तर मीही टर्बोच घेतली असती.

हायब्रिडबद्दल एक सांगते. जुलै २०२४ ला बेरिल वादळात आमच्याकडे सहा दिवस लाइट नव्हते. शेजाऱ्यांकडे ७.२ किलोवॉटची सोय असलेली हायब्रिड होती, त्यांनी ट्रकमधूनच फ्रिज चालवला आणि सासूबाईंचं इन्सुलिन आम्ही त्यांच्याच फ्रिजमध्ये ठेवलं होतं. ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेजही तीच चांगलं देते, कागदावर शहरात-हायवेवर मिळून गॅलनला २४ मैल, ३.५ ला २०. तुमचं ऑफिसचं जाणं बघता हा मुद्दा सोडू नका.

लॅरमीचे_काका:
अहो औरोराकर, इंजिनाचं नंतर बघा. आधी ज्या ज्या गाड्या बघताय तिथे जाऊन ड्रायव्हरचं दार उघडा. दाराच्या चौकटीवर पिवळी पट्टी असलेला स्टिकर असतो, त्यावर माणसं आणि सामान मिळून अमुक पाउंडांच्या वर जाऊ नये असं लिहिलेलं असतं. हा पेलोड. प्रत्येक गाडीचा वेगळा. सनरूफ, लेदर, मोटरवर चालणाऱ्या सीटा, हायब्रिडची बॅटरी, जे जे चढवलं ते ते यातून वजा झालेलं असतं. डीलरने सांगितलेला १२,७०० हा आकडा बरोबर जुळवलेल्या एखाद्या गाडीचा असतो, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या गाडीचा असेलच असं नाही.

आता हिशोब करा. ट्रेलरच्या वजनाचा १० ते १५ टक्के भार हिचवर, म्हणजे ट्रकमागच्या जोडणीवर येतो, त्याला टंग वेट म्हणतात. रिकाम्या ५,२०० वर हिशोब करू नका, पाणी, गॅस, भांडीकुंडी, पांघरुणं भरली की तुम्ही ६,८०० ला पोचताच. त्याचे १३ टक्के म्हणजे ८८० पाउंड. वेट डिस्ट्रिब्यूशन हिच, म्हणजे तो भार पुढच्या चाकांवरही वाटणारा, घ्यावाच लागेल, तो ८०. पाच माणसं धरली तर ६८०-७००, त्यात तुम्ही स्वतःही येता. मागच्या हौद्यात जनरेटर, खुर्च्या, कूलर म्हणून १०० धरा. झाले साडेसतराशे. सगळ्या सोयी असलेल्या वरच्या मॉडेलांचा स्टिकर बरेचदा १,४०० च्या आसपास असतो. इंजिन तुमचा ट्रेलर आरामात ओढेल हो, पण मागचा ॲक्सल, स्प्रिंग आणि टायर लिहून दिलेल्या वजनापलीकडे गेलेले असतील.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. २०१९ ला लॅरमीहून रॉलिन्सला जाताना, आय-८० वर एल्क माउंटनच्या पट्ट्यात वारा किती असतो ते तिथून गेलेल्यांना माहीत आहे. माझी गाडी मागून बसलेली होती, हेडलाइट आकाशाकडे, आणि सामान घाईत ट्रेलरच्या मागच्या भागात भरलेलं. एका सेमी ट्रकने (मोठ्या मालट्रकने) ओव्हरटेक केलं आणि ट्रेलर डोलायला लागला. आधी हातभर, मग अख्खी लेन. स्टिअरिंग वळवून काही होत नव्हतं. ट्रेलरच्या ब्रेकचं बटण हाताने दाबून धरलं तेव्हा कुठे सरळ झाला. बायको पुढचे चाळीस मैल एक शब्द बोलली नाही. त्या दिवसापासून मी दरवेळी निघण्याआधी ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन करतो, पंधरा-वीस डॉलर लागतात.

डिझेलवाला:
थोडक्यात लिहितो. फोर्डचाच हट्ट नसेल तर शेवरले सिल्व्हराडोचं ३.० डिझेल बघा, २०२३ पासून ३०५ हॉर्सपॉवर आणि ४९५ टॉर्क. टर्बो असल्यामुळे उंचीचं टेन्शन नाही, हायवेवर ॲव्हरेज छान, डीईएफ (धूर स्वच्छ करणारं द्रव) मात्र भरत राहावं लागतं. पेलोडचा स्टिकर तिथेही बघायचाच.

औरोराकर:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल बायकोला घेऊन चार गाड्यांची दारं उघडून फोटो काढले. डीलरची ती हायब्रिड: १,३९४. त्याच्याच शेजारची ५.०, भरपूर ॲक्सेसरीजची: १,५५२. दुसऱ्या ठिकाणी एक ३.५, कापडी सीट, सनरूफ नाही: १,८३७. आणि एक २.७: १,६२०. काकांचा हिशोब घरी वजनकाट्यावर उभं राहून परत केला, १,७४० येतोय. हायब्रिड मनातून काढताना जड गेलं, रोजच्या ट्रॅफिकला आणि वादळाच्या दिवसांना तीच योग्य होती, पण पाच जण घेऊन हा ट्रेलर तिला पेलणार नाही. ३.५ चं टोकन दिलं. मागचा ॲक्सल ३.५५ गिअर रेशोचा आहे, ३.७३ नाही, चालेल ना? आणि ट्रेलरचे ब्रेक लावणाऱ्या ब्रेक कंट्रोलरचं सेटिंग कसं करायचं?

पसरणी_घाट:
तुमच्या वजनाला ३.५५ चालेल, दहा गिअर आहेत, तो जुळवून घेतो. पेट्रोलचं मात्र लक्षात ठेवा, कोलोराडोत पंपावर रेग्युलर म्हणून ८५ ऑक्टेनचं मिळतं ते यात भरू नका, रोजला ८७ आणि ट्रेलर जोडला की प्रीमियम. ओढताना मला गॅलनला नऊ-दहा मैलच मिळतात, तेव्हा घाबरून जाऊ नका.

ब्रेकसाठी रविवारी सकाळी एखादं रिकामं पार्किंग गाठा, कोरडं आणि सपाट. ताशी वीस-पंचवीस मैलांवर जा, पायाने ब्रेक न लावता फक्त कंट्रोलरचं बटण दाबा. ट्रेलरने मागून ओढून धरलं पाहिजे पण चाकं घसटली नाही पाहिजेत. घसटली तर गेन (ट्रेलरचे ब्रेक किती जोरात लागतात तो आकडा) ०.५ ने कमी करून परत एक फेरी. वहिनींना बाहेर उभं करून चाकांकडे बघायला सांगा, आतून ते कळत नाही. आणि ही ट्रायल भरलेल्या ट्रेलरवर घ्या, रिकाम्यावर नको.

लॅरमीचे_काका:
आणि सामान भरताना जड वस्तू ट्रेलरच्या ॲक्सलच्या पुढे. पाण्याची टाकी कुठे आहे तेही बघून ठेवा, मागे असेल तर भरून निघू नका. मोॲबला जाताना फ्रूटाला थांबा, तिथे आमच्या ओळखीचं एक कुटुंब आहे, आई-बाबांना घरचा चहा मिळेल. मेसेज करा, फोन करून ठेवतो.