दहा रुपयांचा चहा: मळा कोण मारतंय, पिणारा की विकणारा?

कोरा चहा

मंडळी, आमच्या भागातल्या टपऱ्यांनी कप दहाचा बारा केला आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नुसती आगपाखड सुरू झाली. बहुतेकांना रुचणार नाही, तरी माझं मत मांडतो. चहा आपल्याकडे महाग नाही, भलताच स्वस्त आहे. तो स्वस्तच हवा, कडकच हवा, दुधात उकळूनही लालभडक रंग सुटायला हवा, या आपल्या हट्टानंच देशातला चहाचा धंदा पोखरला आहे.

हिशेब करून बघा. टपरीच्या कपात पत्ती साधारण २ ग्रॅम पडते. हॉटेल मिक्स ३०० रुपये किलोनं आणली तरी कपामागे पत्तीचे ६० पैसे होतात. दूध त्याच कपात अडीच-तीन रुपयांचं जातं. पत्तीचा खर्च जवळपास कागदी कपाएवढाच.

आता मळ्यात चला. आसामात तोडणाऱ्या बाईला दिवसाला २४ किलो ओल्या पाल्याचा ठीका, म्हणजे ठरलेलं काम, असतो. साडेचार किलोच्या आसपास पाल्याचा एक किलो चहा होतो. म्हणजे तिच्या एका दिवसाच्या तोडणीतून पाच किलोंवर चहा निघतो, आपले अडीच हजार कप. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात तिची रोख मजुरी ऑक्टोबर २०२३ पासून २५० रुपये ठरली. कपामागे १० पैसे!

हे असं व्हायचं कारण आपल्या जिभेत आहे. १९३० च्या दशकात आसामच्या आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी सीटीसी यंत्र बनवलं. दातेरी रूळांची जोडी, दोन्हींचा वेग वेगळा, मधून पाला चिरडून, फाडून, वळून बाहेर पडतो. त्याचा दाणा झटकन रंग सोडतो आणि किलोमागे कप जास्त निघतात. स्वातंत्र्यानंतर हे यंत्र सगळीकडे पसरलं आणि आज देशातला बहुतेक चहा सीटीसीच आहे. दूध, साखर, आलं, वेलची यांच्याखाली पाला बरा होता की वाईट हे कळतच नाही. जे कळत नाही त्याचे पैसे कोण देणार? मळेवाल्यानं नुसती कोवळी दोन पानं एक कळी खुडायची तरी कशासाठी?

पिणाऱ्यांनी आता मळ्याचं नाव विचारायला शिकलं पाहिजे आणि चार पैसे जास्त मोजले पाहिजेत.

किराणा, तासगाव तालुका

साहेब, गिऱ्हाईकाला बोल लावणं सोपं आहे. आमचं दुकान वडिलांपासूनचं. पूर्वी गोणीतली सुटी ममरी (सीटीसीचा दाणा) आणि डस्ट (चहाची भुकटी) तराजूत जायची. आता निम्म्याहून जास्त पाकीट जातं, आणि त्यातही ५ आणि १० रुपयांच्या पुड्या. त्या कोण घेतं माहीत आहे? द्राक्षबागेत खुडणीला आलेल्या बायका. रोजची मजुरी हातात पडली की तेल, साखर आणि एक पुडी. त्यांनी मळ्याचं नाव विचारायचं?

आणि मोजायचं म्हणाल तर गिऱ्हाईकानं मोजलेलंच आहे. २०२० साली टाळेबंदीत आसामात पहिला बहर, म्हणजे वसंतातली पहिली तोडणी, खुडायचाच राहिला, पूर आला, लिलावात भाव चढले. कंपन्यांनी पाकिटाचे दर वाढवले. ठीक आहे, माल नव्हता. पुढं लिलावातला भाव खाली आला, पण आमच्या दुकानात पाकीट काही जुन्या दरावर परतलं नाही. कुठं दर तोच ठेवून वजन उतरलं. जास्तीचे पैसे गिऱ्हाईकाच्या खिशातून गेले ते गेलेच. मळ्यातल्या बाईला मिळाले का, याचं उत्तर आधी द्या.

दुलियाजान

मिस्टरांच्या नोकरीमुळे वरच्या आसामात राहिले आहे, म्हणून लिहिते. कोरा चहा दादा, तुमच्या हिशेबात अर्धा आसाम सुटलाय.

चहा म्हटलं की आपल्याला साहेबाचा बंगला आणि मैलोन्‌मैल मळा दिसतो. पण देशातला निम्म्याहून जास्त चहा आता छोट्या उत्पादकांच्या पाल्यातून येतो. टी बोर्डाच्या व्याख्येत २५ एकरांपर्यंतचे ते छोटे, पण मी पाहिलेल्यांतल्या बहुतेकांकडे दोन-चार एकरच. घरामागे सुपारी, पुढे भाताचा तुकडा, आणि उंचवट्यावर चहा. दुपार उतरली की जाळीच्या पिशव्यांत पाला भरून रस्त्याच्या कडेला ठेवतात. दलालाचा टेम्पो येतो, काट्यावर वजन होतं, पाणी आहे म्हणून काही किलो कापले जातात. भाव त्या दिवशी कारखाना देईल तो. पाला ठेवून देता येत नाही, संध्याकाळपर्यंत तो आतून तापायला लागतो. म्हणून घासाघीस करायची ताकदच नसते.

ही माणसं उभी राहिली ती आपल्या कडक चहामुळेच. पाला विकत घेऊन चालणारे कारखाने सीटीसीचे. ज्या पोरांना ऐंशी-नव्वदच्या दशकांत गावात काहीच काम नव्हतं त्यांना चहाच्या रोपांनी घर दिलं. उद्या तुम्ही सगळे लांब पत्तीकडे, म्हणजे दाणा न करता पान वळून केलेल्या चहाकडे, वळलात तर पहिला फटका यांनाच बसेल.

मात्र एक गोष्ट मलाही खुपते. माणसं मिळत नाहीत म्हणून कात्रीनं किंवा यंत्रानं पाला छाटतात, मग दोन पानं एक कळीच्या जागी पाच-पाच पानांचा दांडा जातो. कीड पडली की दुकानदार देईल ते औषध मारायचं. २०२४ च्या जूनपासून पाला घेणार नाही, असं आसामच्या कारखानदारांनी जाहीर केलं होतं, ते या औषधांच्या अंशावरूनच. अन्नसुरक्षेच्या तपासणीत माल नापास झाला की खटला कारखान्यावर, म्हणून ते घाबरले. शेतकरी म्हणाले, आम्हाला कोणी शिकवलं?

निवळ

माझं वय सत्तावीस, ऑफिस हिंजवडीत. आमच्या टीममध्ये मशीनचा प्रिमिक्स चहा आता फार कोणी घेत नाही. कॉफी घेतात, नाहीतर ग्रीन टीची पिशवी.

कॉफीत काय झालं ते बघा. चिकमगळूरच्या कॉफीच्या पुड्यावर आता मळ्याचं नाव, उंची, बी कसं वाळवलं, भाजल्याची तारीख, सगळं छापलेलं असतं. पाव किलोला पाचशे रुपये देणारी मुलं आहेत, मी त्यातलीच एक. चहाचं पाकीट बघा. एक हसरी बाई, एक हिरवी टेकडी आणि ‘निवडक पानं’. कुठली, कधीची, कोणाची, काही नाही. कॉफीवाल्यांनी ओळख दिली म्हणून आम्ही पैसे दिले. चहावाल्यांनी दिली तर तिथेही देऊ. मी दार्जिलिंगचा पहिला बहर मागवते, विना दुधाचा पिते. चहाला एवढी चव असते हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. कोरा चहा काका म्हणतात ते मला पटतं.

हिशेबी

निवळ, दार्जिलिंगचा विषय काढलास ते बरं झालं, कारण काकांचा मुद्दा नेमका तिथेच कोसळतो.

महाग चहा, जगभर नाव, मळ्याची ओळख, हे सगळं दार्जिलिंगकडे कधीपासून आहे. भौगोलिक मानांकन भारतात सर्वांत आधी त्यालाच मिळालं, २००४ मध्ये. आणि अवस्था काय? एकेकाळी वर्षाला १ कोटी किलोंच्या वर चहा व्हायचा, २०२४ मध्ये ६० लाख किलोही झाला नाही. झुडपं शंभर वर्षांची, पाऊस लहरी, तरुण पोरं डोंगर उतरून बंगळुरूला. २०१७ च्या गोरखालँड आंदोलनात शंभराहून जास्त दिवस मळे बंद राहिले, तेव्हा परदेशी गिऱ्हाईक नेपाळच्या चहाकडे गेलं. तोच नेपाळी चहा इकडे दार्जिलिंग म्हणून खपवला जातो, ही तिथल्या मळेवाल्यांची कायमची तक्रार आहे.

आता मजुरी. दार्जिलिंगचा पहिला बहर हजारो रुपये किलोनं विकला जातो. पश्चिम बंगालमध्ये २०२३ ला दिवसाची मजुरी २५० ठरली, ती डोंगरपायथ्याच्या डुआर्स भागातल्या सीटीसी मळ्यात जेवढी तेवढीच दार्जिलिंगच्या मळ्यात! गिऱ्हाईकानं कितीही मोजलं तरी तोडणाऱ्या बाईचा आकडा हलला नाही. आसामच्या मनोहारी मळ्याचा खास चहा डिसेंबर २०२१ मध्ये गुवाहाटीच्या लिलावात ९९,९९९ रुपये किलोनं गेला, सगळीकडे बातमी झाली. त्यानं आसामातली मजुरी वाढली का?

मजुरी कशानं हलते ते केरळात मुन्नारला दिसलं. सप्टेंबर २०१५ मध्ये बोनस २० टक्क्यांवरून १० वर आणला, तेव्हा तोडणाऱ्या बायका रस्त्यावर बसल्या. पुरुषांच्या संघटनांनाही त्यांनी जवळ येऊ दिलं नाही, आणि बोनस पदरात पाडून घेतला. काय पितो यापेक्षा तिकडे कोण संघटित आहे आणि सरकार काय ठरवतं, यावर सगळं अवलंबून आहे.

कोरा चहा

हिशेबी, मजुरीचा मुद्दा मान्य, पण त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. बायका बसल्या म्हणून बोनस मिळाला, बरोबर. पण द्यायला मळ्याकडे पैसा तर हवा. आसाम-बंगालकडच्या सीटीसीचा लिलावातला भाव किलोला दोनशेच्या आसपास घुटमळतो. कायद्यानं घर, दवाखाना मळ्यानं द्यायचा, हे १९५१ पासून आहे, शिधा वेगळा. तोट्यातला मळा सगळ्यात आधी दवाखान्याचं छप्पर गळू देतो, मग शिधा थकवतो, मग एका रात्रीत व्यवस्थापक निघून जातो. डुआर्समध्ये हे वारंवार झालं आहे.

मोठ्या कंपन्यांनी मळे अंगावेगळे केले हेही विसरू नका. टाटांनी मुन्नारचे मळे २००५ मध्ये कामगार भागधारक असलेल्या कंपनीकडे दिले आणि आपण पाकीट आणि ब्रँडकडे वळले. पैसा झुडपात नाही, पाकिटात आहे, हे त्यांनी ओळखलं. मग पाकीट घेणारा या गोष्टीतून सुटा कसा? प्रश्न विचारायची जागा आता तीच उरली आहे.

किराणा दादा, पाच रुपयांची पुडी घेणाऱ्या बाईला मी काही सांगत नाही. मी हिंजवडीतल्या, कोथरूडमधल्या, माझ्यासारख्या लोकांना सांगतोय. आम्ही चीज कुठलं, आंबा देवगडचा की कर्नाटकचा, हे दहा वेळा विचारतो आणि दिवसातून चार वेळा जे पितो त्याचा पत्ता विचारत नाही.

दुलियाजान

दादा, विचारायचंच असेल तर मळ्याच्या नावाबरोबर औषधाच्या तपासणीचंही विचारा. त्याचा उपयोग लगेच दिसतो. कारखान्यानं पाला नाकारायची भीती घातल्यावर आमच्या ओळखीच्या गावात बचतगटांनी कोणतं औषध कधी मारलं याची वही ठेवायला सुरुवात केली. काहींनी तर स्वतःची छोटी भट्टी टाकून हातानं वळलेला चहा विकायला घेतलाय. तो महाग असतो, पण पैसा थेट त्यांच्याकडे जातो, मधला टेम्पोवाला नाही.

हिशेबी

ताई, असे गट किती? देशात वर्षाला १२५ ते १४० कोटी किलो चहा होतो, त्यातला ८० टक्के आपणच पितो. हातानं वळलेल्या चहानं हा डोंगर हलणार नाही. २०२४ मध्ये केंद्रानं आसाम-बंगालसारख्या राज्यांतल्या डस्टचा सगळा माल लिलावातूनच विकायचा आदेश काढला, म्हणजे भाव उघड्यावर ठरावा. अशा गोष्टींनी फरक पडेल, आणि कारखानदारांनी विरोध केला तो त्यालाच. मला पाच मिनिटं मिळाली तर मी पत्र केंद्र सरकारला लिहीन, चहाच्या नव्या दुकानात जाणार नाही.

किराणा, तासगाव तालुका

पत्र जरूर लिहा. पण कोरा चहा साहेब, तुमच्यासारख्या गिऱ्हाईकांसाठी मी मागं आसामची लांब पत्ती आणून ठेवली होती. दोन मास्तर आणि एक डॉक्टर सोडले तर सगळ्यांनी परत केली. ‘रंगच सुटत नाही, जुना माल दिलास.’ घरी दुधात टाकून धडाधडा उकळल्यावर ती काय रंग सोडणार आणि काय वास ठेवणार.

मग वडिलांनी जुनी युक्ती सांगितली. पाऊण किलो चांगली ममरी, पाव किलो लांब पत्ती, एकत्र करून द्यायची. रंग ममरीचा, वास पत्तीचा. नुसत्या ममरीपेक्षा किलोमागे सत्तर-ऐंशी रुपये जास्त पडतात, पण ते गिऱ्हाईक टिकलंय. लग्नाच्या ऑर्डरीसुद्धा येतात. दुलियाजान ताई, त्या बचतगटाची पत्ती पाच किलोच्या पोत्यात मिळत असेल तर कळवा, याच मिश्रणात घालून बघतो.

दुलियाजान

दादा, विचारून सांगते. पावसाळ्यातला माल घेऊ नका, जून संपायच्या आतला, दुसऱ्या बहराचा मागा, त्याला दुधात टिकेल असा जोर असतो. आणि गिऱ्हाईकाला पुडीबरोबर एवढं सांगा: ममरी, दूध, साखर नेहमीसारखी उकळू द्या, गॅस बंद केल्यावर लांब पत्ती टाका, झाकण ठेवा, तीन मिनिटांनी गाळा. म्हणजे मिश्रण करून न देता दोन वेगळ्या पुड्या दिल्यात तर जास्त बरं.