मुलांनीच शब्द निवडायचे?

खडूधूळ: कालच्या पोस्टमध्ये कुणीतरी ठणकावून लिहिलंय, 'निवड मुलांकडे दिली की ती सोपेच शब्द उचलतात, यादी शिक्षकानेच द्यावी.' राहवलं नाही म्हणून लिहितेय. मी २० वर्षं यादीच दिली. सोमवारी शब्द, शनिवारी चाचणी, पुढच्या सोमवारी पाटी कोरी. गेल्या वर्षी सहावीला म्हटलं, धड्यातला एकच शब्द आणा, अर्थ काय वाटतो आणि बाकीच्यांनी तो का शिकावा ते सांगा. एकाने 'ओशाळणे' आणला. वाक्य काय, तर 'नवी सायकल बघून मी ओशाळलो.' अख्खा वर्ग तुटून पडला, शेवटी मागच्या बाकावरून आवाज, 'अरे, चोरून खाताना आईने बघितलं की होतं ना, ते!' एकही पोर तो शब्द विसरलेलं नाही.

रेघोटी: छान. पण ४० मुलांचे ४० शब्द, तपासणार कोण? पोर्शन कोण संपवणार?

खडूधूळ: ४० नाही हो. गटागटात वाद घालून वर्ग पाच-सहाच ठरवतो, त्यात शिक्षकाचाही एक. वाचन कसं शिकवावं याच्या अभ्यासक मार्था हॅगर्डनी १९८२ साली मुलांनी शब्द निवडायची ही पद्धत मांडली तेव्हापासून शिक्षकाचा शब्द आहेच.

मधलाबाक: मूळ दुखणं शब्दकोशातून अर्थ उतरवणं आहे. ओशाळणे म्हणजे लज्जित होणे, आता लज्जित कोण सांगणार? वर दहादा लिहा! मी 'किंकर्तव्यमूढ' दहादा लिहिलाय, जन्मात वापरला नाही.

रेघोटी: दहादा लिहिण्याला नावं ठेवू नका, माझं शुद्धलेखन त्यानेच सुधारलं.

मधलाबाक: शुद्धलेखन सुधारलं, शब्द आला का? एका दमात घोकण्यापेक्षा दिवस वाटून घेतले तर कमी उजळणीत भागतं, हे स्मरणशक्तीचा अभ्यास करणाऱ्या जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउसने १८८५ मध्येच स्वतःवर करून दाखवलंय, आणि आपण अजून पोरांचे हात दुखवतोय!

रेघोटी: आवाज चढवू नका. माझ्या मुलीच्या वर्गात निवड दिली होती, तीन महिने नुसती डायनोसॉरची नावं आणली तिने. 'तुलना', 'निष्कर्ष', 'परिणाम' कुठलं मूल हौसेने निवडेल? पेपरात तर तेच अडवतात.

खडूधूळ: हे मात्र मान्य करावं लागतंय. 'तुलना करा'पाशी माझीही पोरं अडतात, दोन्हींची वेगवेगळी माहिती लिहून मोकळी होतात. शिक्षकाचा शब्द तिथेच खर्च करावा. पण तीन महिने डायनोसॉर चालले कारण 'का शिकावा' हे तिला कुणी विचारलंच नाही, त्याचं खापर निवडीवर का?

रेघोटी: बरं, सहात दोन माझे असतील तर करून बघेन. दहादा लिहिणं सोडणार नाही.

मधलाबाक: मग पाच दिवस दोन-दोनदा लिहायला लावा, एवढं तरी ऐका.