सगळेच चषक मानाचे का नसतात?

नेरूळचा लेफ्टबॅक

मार्च २०२५ मध्ये न्यूकासलने लिव्हरपूलला २-१ ने हरवून काराबाओ कप, म्हणजे इंग्लंडचा लीग कप, जिंकला. १९५५ नंतर त्यांच्या हाती लागलेला हा पहिला देशांतर्गत करंडक. दोन महिन्यांनी क्रिस्टल पॅलेसने मँचेस्टर सिटीला १-० ने हरवून एफए कप घेतला, त्यांच्या इतिहासातला पहिला मोठा करंडक. दोन्हीकडचे लोक रडले, नाचले. तरी आमच्या वाशी-नेरूळच्या ग्रुपमध्ये काराबाओला एफए कपच्या पंगतीत बसवायला एकही जण तयार नव्हता. त्यावरून गेले काही दिवस वाद चालू आहे, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

माझं मत असं की चषकाचा मान बक्षिसाच्या रकमेवर ठरत नाही, आणि नुसत्या वयावरही ठरत नाही. खालच्या क्लबांना त्या स्पर्धेचं दार किती उघडं आहे आणि मोठ्या क्लबाला त्यांच्या दारात जावं लागतं का, यावर तो ठरतो.

एफए कपमध्ये सातशेच्या वर क्लब उतरतात. ऑगस्टमध्ये सुरुवात होते आणि प्रीमियर लीगवाले जानेवारीत, तिसऱ्या फेरीत येतात. जानेवारी २०२१ मध्ये सामन्यांच्या चिठ्ठ्या पडल्या तशा टॉटनहॅमला लिव्हरपूलजवळच्या क्रॉस्बीत मरीन नावाच्या आठव्या श्रेणीतल्या क्लबाकडे जावं लागलं. मैदानाला लागूनच घरांची मागची अंगणं. कोविडमुळे प्रेक्षकांना बंदी, म्हणून शेजारी कुंपणापाशी उभे राहून टॉटनहॅमचे प्रशिक्षक मोरिन्यो यांच्या संघाला खेळताना बघत होते. मरीन ५-० ने हरलं, पण त्या दिवशी तो स्कोअर कोण धरून बसलं होतं? लीग कपमध्ये हे घडूच शकत नाही. तिथे वरच्या चार श्रेणींतले ९२ क्लब, दार तिथेच बंद.

फ्रान्सचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. कूप द फ्रान्समध्ये सात हजारांहून जास्त क्लब असतात, समुद्रापारच्या फ्रेंच प्रदेशांतलेसुद्धा. दोन क्लबांमध्ये दोन किंवा जास्त श्रेणींचं अंतर असेल तर सामना खालच्याच्या मैदानावर होतो. २००० साली चौथ्या श्रेणीतला काले हा हौशी क्लब थेट फायनलला पोहोचला आणि नाँतकडून शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर २-१ ने हरला. करंडक उचलताना नाँतचा कर्णधार लाँद्रो याने कालेच्या कर्णधाराला बोलावून घेतलं आणि दोघांनी मिळून तो उचलला. त्याच फ्रान्समध्ये १९९४ पासून फक्त व्यावसायिक क्लबांसाठी दुसरा चषक होता, कूप द ला लीग. २०२० मध्ये तो बंद केला. आज त्याची आठवण कोण काढतं?

याच्या उलट इटली. कोप्पा इटालियात ४४ संघ. पहिले आठ मानांकित संघ थेट शेवटच्या सोळात येतात आणि घरचं मैदान वरच्या मानांकिताला. मोठ्यांची सोय आधीच लावून ठेवलेली. मग सुरुवातीच्या फेऱ्यांना स्टेडियम ओस पडलं तर नवल नाही.

सीवूड्स गनर

दादा, लिहिलंय छान, पण कारण चुकलंय. माझ्या क्लबाने, आर्सेनलने, एफए कप सर्वांत जास्त वेळा, १४ वेळा जिंकलाय. तरी भावनेत न जाता सांगतो की एफए कपचा मान मरीन-टॉटनहॅममुळे नाही, टीव्हीमुळे आहे. इंग्लंडमध्ये लीगचे सामने नियमित थेट दाखवायला सुरुवात झाली १९८३ मध्ये. त्याआधी वर्षाकाठी थेट दिसणारे क्लबांचे सामने मोजकेच, आणि त्यांत एफए कपची फायनल हमखास. अख्खा देश त्या शनिवारी टीव्हीपुढे. ज्या पिढीने ते बघितलं तिने पुढच्या पिढीला सांगितलं, आणि आपण सीवूड्समध्ये बसून तेच ऐकतोय.

आता रोज रात्री सामने दिसतात, त्यामुळे ते अप्रूप गेलं. २०२५ ची एफए कप फायनल लीग संपायच्या आठवडाभर आधीच उरकली. रिप्लेसुद्धा, म्हणजे बरोबरी झाली की पुन्हा खेळायचे सामने, २०२४-२५ पासून मुख्य फेऱ्यांतून काढून टाकले. दार अजून तेवढंच उघडं आहे, तरी मान घटलाय, हे तुम्हीही नाकारणार नाही. दारावरच सगळं असतं तर तो घटला नसता.

नेरूळचा लेफ्टबॅक

गनर, टीव्हीचा वाटा मान्य. पण लीग कपची फायनलसुद्धा १९६७ मध्ये वेम्ब्लीवर आली. तेच मैदान, तशीच गर्दी, तेच मोठे क्लब. मग त्याला तो मान का नाही मिळाला?

आणि रिप्लेचा मुद्दा तर माझ्याच बाजूचा आहे. २००५ मध्ये एक्सिटर सिटी व्यावसायिक लीगच्या बाहेर फेकला गेलेला, कर्जात बुडालेला क्लब होता. त्यांनी ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० वर रोखलं. रिप्ले घरच्या मैदानावर ०-२ हरले, पण दोन सामन्यांच्या उत्पन्नावर क्लब तरला. रिप्ले काढले म्हणजे तेच दार अर्धं लोटून घेतलं. मान तिथूनच घटतोय.

पाचपाखाडीकर

तुम्ही दोघेही इंग्लंड-फ्रान्स फिरून आलात, जरा मुंबईत या.

रोव्हर्स कप. १८९१ ला सुरू झाला, ड्युरंड कपनंतर तीनच वर्षांनी. १९३७ मध्ये बंगलोर मुस्लिम्सने जिंकेपर्यंत गोऱ्या पलटणींचीच मक्तेदारी होती. १९५० ते ५४ अशी सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी तो नेला, प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. पुढे भारताला आशियाई सुवर्ण मिळवून देणारे तेच रहीमसाहेब. मी लहान असताना वडील मला ठाण्याहून लोकलने व्हीटीला न्यायचे आणि तिथून आम्ही चालत कूपरेज मैदानावर. ईस्ट बंगाल किंवा मोहन बागान आलेले असले की लाकडी बाकांवर मुंगी शिरायला जागा नसायची. माझ्यापुढे बसलेले एक गृहस्थ डब्यातली पोळीभाजी खाता खाता हाफबॅकला नावाने हाका मारून सूचना द्यायचे. तो हाफबॅक खरंच मागे वळून बघायचा.

हा चषक २००१ च्या सुमारास बंद पडला. वय शंभराच्या वर. स्थानिक संघांना दार उघडं होतं, गिरण्यांचे आणि बँकांचे संघ त्यात खेळायचे. मग लेफ्टबॅकसाहेब, तो का मेला?

माझं उत्तर असं की मान देणारे क्लब असतात. क्लबाने पहिला संघ पाठवला तर चषक मोठा, राखीव पोरं पाठवली तर लहान. १९९६ मध्ये राष्ट्रीय लीग आली आणि क्लबांचं सगळं लक्ष आणि पैसा तिकडे गेला. कोलकात्याच्या क्लबांसाठी मुंबईची वारी ही गरज उरली नाही. इंग्लंडमध्ये १९९९-२००० ला मँचेस्टर युनायटेड गतविजेता असूनही एफए कप सोडून ब्राझीलला क्लबांच्या जागतिक स्पर्धेला गेलं, तेव्हा जो घाव बसला तो याच जातीचा. त्यांचा चषक तेवढा घाव सोसू शकला. आपला नाही सोसू शकला.

ऐरोली साइडिंग

काका, पटलं, पण पूर्ण नाही. आपल्याकडचे ड्युरंड आणि सुपर कप शेजारी ठेवून बघा. सुपर कप जिंकला की आशियाई स्पर्धेची वाट उघडते. ईस्ट बंगालने जानेवारी २०२४ मध्ये भुवनेश्वरला ओडिशाला ३-२ ने हरवून तो घेतला, बारा वर्षांनी मोठं राष्ट्रीय विजेतेपद, आणि त्यातूनच ते आशियाई पात्रता सामना खेळले. ड्युरंड जिंकून आशियाचं तिकीट मिळत नाही. तरी कुठल्याही फुटबॉलवाल्याला विचारा, ड्युरंडच मोठा म्हणेल. फायदा सुपर कपचा आणि मान ड्युरंडचा, हे कोडं मैदानात कुठला संघ उतरला एवढ्यावरून सुटत नाही.

माझ्या मते तिथे हस्तांतर दिसतं, एका पिढीच्या हातातून दुसऱ्या पिढीच्या हातात. ड्युरंडच्या विजेत्याला एक नाही, तीन करंडक मिळतात: ड्युरंड कप, शिमला ट्रॉफी आणि राष्ट्रपतींचा करंडक. १८८८ ला शिमल्यात सुरू झालेली ब्रिटिश पलटणींची स्पर्धा, १९४० मध्ये मोहम्मडन स्पोर्टिंगने जिंकलेली, पुढे आपल्या सेनादलांनी चालवलेली. पोडियमवर ते तिन्ही शेजारी ठेवलेले दिसले की न सांगता कळतं की आपल्या आधी इथे कोण कोण उभं होतं. सुपर कप २०१८ मध्ये फेडरेशन कपच्या जागी आला. फेडरेशन कपची १९७७ पासूनची चाळीस वर्षं त्यांनी नाव बदलून एका फटक्यात पुसून टाकली. लीग कपचंही तेच. मिल्क, रम्बेलोज, कोका-कोला, वर्दिंग्टन, कार्लिंग, आता काराबाओ. आजोबांनी जिंकला तो आणि नातवाने जिंकला तो एकच चषक आहे हे कळणार कसं? कुस्तीतही बक्षिसाला गाडी मिळते, ट्रॅक्टर मिळतो, पण महाराष्ट्र केसरीला गदा खांद्यावर आल्याशिवाय पैलवानाला जिंकल्यासारखं वाटत नाही.

सीवूड्स गनर

ऐरोली, ड्युरंडचा एवढा मान असेल तर २०२५ ला आयएसएलमधले (इंडियन सुपर लीग) सहाच संघ का उतरले? आपली मुंबई सिटी त्यात नव्हती.

ऐरोली साइडिंग

त्या वर्षी आयएसएल होणार की नाही हेच कोणाला ठाऊक नव्हतं. आणि तरी बघा. डायमंड हार्बर, २०२२ मध्ये स्थापन झालेला क्लब, पहिल्याच ड्युरंडमध्ये ईस्ट बंगालला हरवून फायनलला गेला. नॉर्थईस्ट युनायटेडने तिथे त्यांचा ६-१ असा फडशा पाडला, पण नाव झालं. हा मुद्दा लेफ्टबॅकदादांच्या खात्यात.

खारघर तीन पॉइंट

एक बाजू कोणीच घेतली नाही, उपाशीपणाची. चषक किती मोठा हे जिंकणारा किती वर्षं थांबलाय त्यावर ठरतं. ॲथलेटिक बिलबाओने एप्रिल २०२४ मध्ये मायोर्काला पेनल्टीवर हरवून कोपा देल रे जिंकला, १९८४ नंतर पहिल्यांदा. गाबारा नावाच्या जुन्या तराफ्यावर संघ नदीतून गेला आणि दोन्ही काठांवर माणसांचा समुद्र. त्यांच्या संघात बास्क मुलुखातले खेळाडूच घेतात, म्हणजे तो करंडक काठावरच्या प्रत्येक घराचा. बार्सिलोनाने पुढच्या वर्षी तोच चषक रेआल माद्रिदला ३-२ ने हरवून ३२ व्यांदा घेतला. सामना जबरदस्त झाला, पण बार्सिलोनाचं वर्ष लीग आणि चॅम्पियन्स लीगवर मोजलं जातं.

आणि इटलीला नावं ठेवताना बोलोन्या विसरू नका. २०२५ ला मिलानला १-० ने हरवलं, १९७४ नंतर पहिला मोठा करंडक. त्या लोकांना जाऊन सांगा की तुमच्या चषकाला मान नाही.

नेरूळचा लेफ्टबॅक

खारघर, बोलोन्याच्या आनंदापुढे मी हात जोडतो. पण आनंद जिंकणाऱ्याचा असतो आणि मान हरलेल्यांनी द्यायचा असतो. तिसऱ्याच गावातला, ज्याचा संघ त्यात नाही, तो माणूस सामना लावून बसतो का, ही माझी कसोटी. पॅलेसच्या फायनलला रात्री नऊ वाजता आमच्या सोसायटीतले चार घरचे लोक एका हॉलमध्ये जमले होते, त्यांत पॅलेसचा पाठीराखा एकही नव्हता. पुढे क्लबमालकीच्या नियमामुळे पॅलेसला युरोपा लीगऐवजी कॉन्फरन्स लीगमध्ये ढकललं. म्हणून मेमधला तो विजय हलका झाला का?

पाचपाखाडीकर काका, तुमचा रोव्हर्सचा मुद्दा मनाला लागला, आणि क्लबांनी पाठ फिरवली हे कारणही खरं. पण मोठे क्लब यायचे बंद झाल्यावर चषक सावरायला खालून कोण होतं? गिरण्यांचे संघ गिरण्यांबरोबर गेले. महिंद्र युनायटेडसारखा राष्ट्रीय विजेता संघसुद्धा २०१० मध्ये बंद झाला. दार उघडं असून भागत नाही, आत येणारेही जिवंत असावे लागतात, आणि ते जगवायचं काम चषकाचंच असतं. एक्सिटरला तसंच जगवलं. आपल्याकडे ते झालं नाही.

पाचपाखाडीकर

हे पटलं. मग पुढचंही बोलूया. नेरूळच्या डी. वाय. पाटीलवर २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींच्या विश्वचषकाची फायनल झाली, स्पेनने कोलंबियाला १-० ने हरवलं. म्हणजे मैदान आहे, प्रेक्षक आहेत. रोव्हर्स पुन्हा सुरू करा. ठाणे, रायगड, पालघरच्या क्लबांपासून फेऱ्या लावा आणि मुंबई सिटीला शेवटच्या सोळात आणा, तेही समोरच्याच्या मैदानावर.

सीवूड्स गनर

काका, मुंबई सिटी बदलापूरला पहिला संघ घेऊन येईल?

पाचपाखाडीकर

पहिल्या वर्षी नाही येणार. राखीव पोरं येतील आणि बदलापूरकडून हरतील. दुसऱ्या वर्षी पहिला संघ येईल.