मदत हवी आहे: ऑफिसचे ॲडमिन पासवर्ड ठेवायचे कुठे आणि कोणाकडे?

रावेरकर:
नमस्कार मंडळी. रावेर तालुक्यात आमची केळी उत्पादकांची शेतकरी कंपनी आहे. हिशेब मी बघतो, आणि कॉम्प्युटरचं थोडंफार कळतं म्हणून तेही आता माझ्याकडे आलंय. सभासदांचे बँक खाते क्रमांक, वजनपावत्या, व्यापाऱ्यांची येणी सगळं एका कॉम्प्युटरवर. शिवाय राउटर, कॅमेऱ्यांचा डीव्हीआर, वेबसाइट, कंपनीचा ईमेल. बहुतेक ठिकाणी एकच पासवर्ड: कंपनीचं नाव आणि पुढे @१२३. यादी टेबलाच्या काचेखाली. आधी हे बघणारा मुलगा पुण्याला नोकरीला गेला. पोरगा चांगला आहे, पण त्याला आजही सगळं माहीत आहे.

माल निघतो तेव्हा ऑफिसात ट्रकचालक, मजूर, व्यापाऱ्यांची माणसं यांची सतत ये-जा असते. उद्या कोणी एका सभासदाचा खाते क्रमांक बदलला आणि पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाचे, पैसे भलतीकडे गेले, तर वर्षभर बागेत राबलेल्या माणसाला काय सांगायचं? याची मला खरंच धास्ती आहे.

अध्यक्ष आप्पा म्हणतात, पासवर्ड सगळ्या संचालकांना माहीत पाहिजेत. एक संचालक म्हणतात, फक्त मला. मला दोन्ही पटत नाही. मी आजारी पडलो तर काटा बंद पडायला नको, आणि दहा जणांना माहीत असलेला पासवर्ड तर उघडाच म्हणायचा. काय करावं? खर्च शक्यतो नको.

धुळ्याचा सिस्टीमवाला:
भो, पहिलं काम आजच कर. काचेखालची यादी काढ आणि त्यातला प्रत्येक पासवर्ड बदल. माणूस काम सोडून गेला की पासवर्ड बदलायचा हा नियमच ठेव, मग तो कितीही विश्वासाचा असो. त्यात त्या पोराचंही भलं आहे, उद्या काही झालं तर संशय त्याच्यावर जात नाही.

पासवर्ड ठेवायला कीपासएक्ससी नावाचं सॉफ्टवेअर वापर. मोफत आहे, इंटरनेट लागत नाही. सगळे पासवर्ड एका कुलूपबंद फाइलमध्ये राहतात आणि ती एका मास्टर पासवर्डने उघडते. राउटर, डीव्हीआर, वेबसाइट यांचे पासवर्ड त्यालाच बनवू दे, वीस अक्षरांचे. ते पाठ करायची गरज नाही. फाइलची एक प्रत पेनड्राइव्हवर काढून दुसऱ्या जागी ठेव, हार्डडिस्क कधी दगा देईल सांगता येत नाही.

पाठ करायचे दोनच: कॉम्प्युटरचा आणि मास्टर. ते फाशांनी काढ. डाइसवेअर नावाची ७,७७६ इंग्रजी शब्दांची यादी मिळते. फासा पाच वेळा टाकला की पाच आकडे येतात, त्या आकड्यांपुढचा शब्द घ्यायचा. असे सहा शब्द काढले की शक्यता होतात २२ वर २२ शून्यं, आणि तरी माणसाला लक्षात राहतात. शब्द फाशानेच निवडायचे. आपण मनाने निवडायला बसलो की केळी, तापी, भरीत हेच सुचतं, आणि ओळखीच्या माणसालाही तेच सुचतं.

चोपड्याची ताई:
डीव्हीआर आधी घ्या हो दादा. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले साठेक ठरावीक पासवर्ड वापरून. बसवणाऱ्याने ठेवलेला पासवर्ड त्याच्या सगळ्या गिऱ्हाइकांकडे तोच असू शकतो.

आणि कंपनीच्या ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डनंतर फोनवरूनही खात्री करावी लागते. बाकीच्या बऱ्याच ठिकाणचा पासवर्ड ईमेलवरूनच बदलता येतो, म्हणून तो गेला तर बाकीचंही जातं. तेव्हा मिळणारे बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवा, फोन हरवला तर तेच कामाला येतात.

रावेरकर:
दोघांचे आभार. आप्पांचं म्हणणं, फासे कशाला, ओवीची एखादी ओळ घेऊ, सगळ्यांना पाठ असते. आणि दर महिन्याला बदलायचा का? मी नसताना काय, ते अजून राहिलंच.

धुळ्याचा सिस्टीमवाला:
सगळ्यांना पाठ असते म्हणूनच नको. ओव्या, म्हणी, गाणी फोडणाऱ्यांच्या याद्यांतही असू शकतात. दर महिन्याला बदलायचीही गरज नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्येच सांगितलं की ठरावीक मुदतीने बदलायला लावू नका. लोक मग शेवटचा आकडा तेवढा वाढवतात. फुटल्याचा संशय आला किंवा माणूस बदलला की मात्र लगेच.

तू नसताना: मास्टर पासवर्ड आणि बॅकअप कोड कागदावर सुवाच्य लिही, पाकीट चिकटव, जोडावर दोन संचालकांच्या सह्या घे. एक पाकीट तिजोरीत, एक बँकेच्या लॉकरमध्ये. पाकीट उघडलं तर कोणी, कधी, कशासाठी याची नोंद मासिक सभेच्या इतिवृत्तात. आप्पांना सांग, पासवर्ड मंडळाच्याच ताब्यात आहे, फक्त तोंडी फिरत नाही. व्हॉट्सॲपवर टाकायचा तर नाहीच.

रोजचं काम साध्या खात्यातून कर, ॲडमिन फक्त सॉफ्टवेअर टाकण्यापुरतं. काट्यावरच्या मुलांना ज्याचं त्याचं लॉगिन दे. आणि तुझी धास्ती खाते क्रमांकाची आहे ना? त्याला नुसता पासवर्ड पुरणार नाही. क्रमांक बदलायचा अर्ज आला की सभासदाच्या जुन्या नोंदलेल्या नंबरवर फोन करायचा, अर्जावर लिहिलेल्या नव्हे, आणि दुसऱ्या माणसाने तपासल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत.

रावेरकर:
हे मंडळापुढे ठेवतो. डीव्हीआरचा आणि ईमेलचा पासवर्ड आत्ताच बदलला. पेनड्राइव्ह पाकिटासोबत तिजोरीत ठेवला तर चालेल का?

चोपड्याची ताई:
नको. फाइल आणि तिचा पासवर्ड एका जागी नकोत. पेनड्राइव्ह एखाद्या संचालकाच्या घरी ठेवा.