कोविडमधला 408 व्हिसा: बॅकपॅकर मुलांना दिलासा की अडवणूक?

शेपार्टनकर
भाच्यांसाठी ऑस्ट्रेलियाच्या वर्क अँड हॉलिडे व्हिसाच्या (तरुणांनी फिरता फिरता काम करायचा व्हिसा) सोडतीची चौकशी करणाऱ्या एका मैत्रिणीने परवा विचारलं, "पुन्हा साथ आली तर या मुलांचं काय होईल?" म्हणून हा धागा. माझं मत आधीच सांगते: 2020 मध्ये इथल्या सरकारने या मुलांना राहू दिलं ते फळबागेत राबण्याच्या अटीवर, आणि ते चुकलं.

20 मार्च 2020 ला सीमा बंद झाली. 3 एप्रिलला पंतप्रधान स्कॉट मॉरिसन म्हणाले की ज्यांना स्वतःचा खर्च झेपत नाही त्या पाहुण्यांनी मायदेशी जावं. दुसऱ्याच दिवशी घोषणा झाली: शेती, अन्नप्रक्रिया, वृद्धसेवा अशा कामांत असलेल्या 417 आणि 462 (हेच ते फिरता फिरता काम करायचे दोन व्हिसा) व्हिसावाल्यांना एका मालकाकडे सहाच महिने ही अट नाही, आणि मुदत संपत आली तर पुढचा व्हिसा मिळेल. तोच हा 408. शिवाय कामासाठी नव्या भागात जायचं तर आधी 14 दिवस विलगीकरण. हॉस्टेलच्या आठ खाटांच्या खोलीत ते कसं पाळायचं?

तेव्हा आमच्याकडे एक एस्टोनियाची मुलगी भाड्याने राहायची. व्हिसा जूनअखेर संपणार, विमान दोनदा रद्द झालेलं. अर्जाला मालकाचं पत्र हवं म्हणून ती नासपतीच्या छाटणीला जाऊ लागली. जूनची थंडी, पहाटे फांद्यांवर दव गोठलेलं. संध्याकाळी आली की कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून बसायची, बोटं मिटायची नाहीत. फॉर्म मीच टाइप करून दिला. मुकादम तासावर नाही, झाडावर पैसे द्यायचा, आणि दिवसाचा हिशेब लागायचा नाही. भांडणार कशी? पत्र त्याच्याच हातात होतं.

न्यूझीलंडने काय केलं बघा. 2 एप्रिल ते 9 जुलै 2020 दरम्यान संपणारे तात्पुरते व्हिसा सरसकट 25 सप्टेंबरपर्यंत वाढवले. अर्ज नाही, पत्र नाही.

निफाडचा_पोरगा
असहमत. पीक कुणासाठी थांबत नाही. त्याच एप्रिलमध्ये आमच्याकडे द्राक्षं वेलीवर होती, गाडी मिळेना, व्यापारी येईना. शेवटी बरीचशी बेदाण्याला टाकली. मजूर पायी गावाकडे निघाले होते, त्यांना कुणी "थांबा, कागद आम्ही बघतो" म्हटलं नाही. ऑस्ट्रेलियात निदान थांबायची वाट होती, तीही फुकट. ज्याला सीमा बंद असल्यामुळे निघताच येत नव्हतं आणि दुसरा व्हिसाही मिळत नव्हता, त्यालाही 408 मागता येत होता. मग अडवणूक कसली?

शेपार्टनकर
थांबता येत होतं हे खरं. पण खायचं काय? जॉबकीपर ही सरकारची पगाराची मदत या तात्पुरत्या व्हिसावाल्यांना नव्हती. व्हिजिटर व्हिसा घेतला तर काम बंद. हाताला काम आणि डोक्यावर छप्पर दोन्ही हवं असेल तर फिरून बागेतच यावं लागायचं.

आजीची_नर्स
मी त्या वेळी मेलबर्नमध्ये विद्यार्थी होते आणि 408 घेतला. वृद्धाश्रमात रात्रपाळी करत होते. शहरात दुसरं लॉकडाउन, मुलांना आईबापांना भेटता येत नव्हतं. एक आजी रोज रात्री विचारायच्या, "मुलगा आला का?" मी त्यांचा हात धरून बसायचे. मला कुणी कोंडलं नव्हतं. पुढचे बारा महिने नक्की झाले, घरी आईला सांगता आलं. ज्या कामाला माणूस हवं त्या कामाला व्हिसा, यात मला अन्याय दिसत नाही.

आणि कामाची अट काढली की काय होतं तेही बघितलं. ऑगस्ट 2023 मध्ये हा व्हिसा बंद करायचं ठरलं तेव्हा लाखाहून जास्त लोक त्यावर होते. साथ कधीच ओसरली होती.

शेपार्टनकर
तुझं काम मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण पूर्ण लस घेतलेल्या बॅकपॅकरांसाठी 15 डिसेंबर 2021 ला सीमा उघडली, आणि व्हिसा पूर्ण बंद झाला फेब्रुवारी 2024 मध्ये. हा दोष उशिराचा आहे, अट सैल असण्याचा नाही. माझा आक्षेप पत्रावर आहे. काम शेतीचंच असू दे, पण ते झाल्याचा पुरावा पगाराच्या पावतीवरून घ्या, म्हणजे मुकादम बदलता येतो.

निफाडचा_पोरगा
पावतीचा मुद्दा पटला. बाकी मत तेच. व्हिसा ठीक होता, मजुरीचा कायदा लंगडा होता.

शेपार्टनकर
तो सुधारायलाही नोव्हेंबर 2021 उजाडलं. किमान मजुरी ठरवणाऱ्या फेअर वर्क कमिशनने ठरवलं की बागेत नगावर पैसे देणाऱ्यानेही तासाच्या किमान दराखाली जायचं नाही. 28 एप्रिल 2022 पासून लागू. रोजंदारीवाल्यांसाठी तेव्हा तो दर 25.41 डॉलर होता. आमच्याकडे राहिलेली ती एस्टोनियाची मुलगी तोवर घरी, टाल्लिनला परतली होती.

भाच्याची_मावशी
माझा भाचा 2024 मध्ये भारतासाठी निघालेल्या पहिल्या सोडतीत होता. तेव्हा जागा हजार, वय 18 ते 30. नंबर लागला नाही, पुन्हा भरणार आहे. त्याला काय सांगू?

शेपार्टनकर
परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळ्या खात्यात ठेवायला सांगा, आणि त्यांना हात लावायचा नाही. रोज किती तास काम केलं ते वहीत लिहायचं. आणि मुकादमाच्याच खोलीत भाड्याने राहायचं नाही.

आजीची_नर्स
याला मात्र पूर्ण सहमत.